झांकलेला डाग

गेल्या महिन्यांत आमच्या परिचयाच्या एका घरीं मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होता. मुलगी रसायनशास्त्रांत एम्. एस्‌सी. झालेली व चांगल्या नोकरीवर असलेली. पाहुणे दुपारीं चारला यावयाचे होते. तिच्या मानेवर, उजव्या कानाखालीं, रुपयाएवढा पांढरा डाग आहे. दोन वर्षांपूर्वीं तो उमटला. तें कोड असल्याचें त्वचारोगतज्ज्ञांनीं सांगितलें असून औषधोपचार चालू आहेत. तीनच्या सुमारास धाकट्या काकूंनीं पर्समधून बोटाएवढी एक कांडी काढली. "कन्सीलर आहे. दोन मिनिटांचें काम. कोणाला कळायचेंसुद्धां नाहीं." थोरल्या काकूंनीं मान डोलाविली. कोपऱ्यांत बसलेल्या आजी कांहींच बोलल्या नाहींत. मुलीनें मात्र विचारलें, "आणि लग्नानंतर?"

हा प्रश्न आमच्यादेखत विचारला गेला, व त्याचें उत्तर त्या खोलींत कोणीच दिलें नाहीं. म्हणून या महिन्याचें हें पान आम्ही त्यासाठीं खर्ची घालीत आहों.

त्या कांडीशीं आमचें वैर नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. चेहऱ्यावरील व्यंग झांकण्याची इच्छा आजकालच्या मुलींनींच शोधून काढली, असें मानणारे पुष्कळ गृहस्थ आहेत. त्यांनीं आपल्या घरांतील जुने फोटो काढून पाहावे. देवीचे वण ही भरतखंडांत एका काळीं घरोघरची गोष्ट होती. १९७५ सालीं देवीचा शेवटचा रोगी या देशांत आढळला व १९८० सालीं सगळें जगच त्या रोगांतून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. पण तोंवर किती लग्नें त्या वणांपाशीं अडलीं असतील, याची गणती कोणी ठेविलेली नाहीं. युरोपांतील उमराव स्त्रिया तर वणांवर रेशमी व मखमली टिकल्या चिकटवीत, आणि सर्व चेहऱ्याला शिशाचा सफेता फांसून हळूहळू आपल्याच अंगांत विष भिनवीत असत.

आजच्या लेपाचा इतिहास याहून पुष्कळ सुखावह आहे. अमेरिकेंत लिडिया ओ'लिअरी या बाईंच्या चेहऱ्यावर जन्मतःच मोठा जांभळट डाग होता. तो झांकण्यासाठीं त्यांनीं स्वतःच एक दाट लेप सिद्ध केला, १९२८ सालीं तो 'कव्हरमार्क' या नांवानें बाजारांत आणला, व १९३२ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. पुढें ब्रिटनमध्यें रेडक्रॉस संस्थेनें १९७५ पासून स्वयंसेवकांकरवीं रोग्यांना हा लेप लावण्याची विद्या शिकविण्याची व्यवस्था केली. तें काम २०११ सालीं 'चेंजिंग फेसेस' या संस्थेकडे गेलें. भाजलेल्यांचे व्रण, शस्त्रक्रियेच्या खुणा, कोड या सर्वांसाठीं ही सोय आहे. अशा कामाला कोणी नटवेपणा म्हणत असेल, तर आम्ही त्याच्याशीं वाद घालीत बसणार नाहीं.

ही विद्या मुळांत रंगांची आहे. तांबूस डागावर किंचित् हिरवट, व डोळ्यांखालच्या निळसर काळोखीवर नारिंगी छटेचा लेप लावला म्हणजे एक रंग दुसऱ्या रंगाला मारतो. मग वर कांतीच्या रंगाचा पातळ थर दिला कीं काम झालें. कोडाच्या डागाचें तसें नाहीं. तेथें मारावयाला रंगच नसतो. नसलेला रंग आणावयाचा असतो. म्हणून नेहमींच्या कन्सीलरपेक्षां रंगद्रव्य पुष्कळ अधिक असलेला खास लेप त्यासाठीं लागतो. त्यांतील टिटॅनियम डायऑक्साइडमुळें खालचा डाग दिसेनासा होतो, आणि लोखंडाचे पिवळे, तांबडे व काळे ऑक्साइड कांतीची छटा देतात. छटा जुळली कीं नाहीं हें दुकानाच्या दिव्याखालीं न पाहतां दिवसाउजेडीं खिडकीपाशीं पाहावें. लेप बोटानें थापटून लावावा, कडा आजूबाजूच्या त्वचेंत विरवाव्या, वर पावडर टाकून कांहीं मिनिटें थांबावें व उरलेली पावडर मऊ ब्रशानें झटकून टाकावी. नवा लेप प्रथम कोपराच्या आंतल्या बाजूस थोडासा लावून दोन दिवस वाट पाहावी. रात्रीं तो तेलानें अलगद पुसून काढावा. घासून मुळींच काढूं नये. कोड असलेल्यांची त्वचा जेथें घासते वा खरचटते, तेथें नवा डाग उमटण्याचा संभव असतो.

गोरें करण्याचीं मलमें ही मात्र वेगळी गोष्ट आहे. लेप रात्रीं उतरतो. मलमांतील पारा उतरत नाहीं, तो त्वचेवाटे शरीरांत जाऊन मूत्रपिंडांस अपाय करतो. स्टिरॉइड घातलेलीं मलमें महिनोन्‌महिने वापरल्यानें त्वचा पातळ होते व तोंडावर केंस येतात. आणखी एक गोष्ट आमच्या वाचकभगिनींनीं ध्यानांत ठेवावी. कांहीं चिकट टिकल्यांच्या गोंदांतील रसायनामुळें कपाळावर, नेमक्या टिकलीच्या जागीं, पांढरा डाग पडल्याचें त्वचारोगतज्ज्ञांनीं नोंदविलें आहे. तसें दिसूं लागतांच टिकली बंद करून डॉक्टरांस दाखवावें. दुसरी मोठी टिकली लावून तो डाग झांकूं नये.

आतां त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊं. कोड हा महारोग नव्हे. तो स्पर्शानें, एका ताटांत जेवल्यानें किंवा एका घरांत राहिल्यानें लागत नाहीं. शरीराची संरक्षक व्यवस्थाच आपल्या रंगपेशींवर उलटते, त्यामुळें तेवढ्या जागीं रंग तयार होत नाहीं. कुळांत तो असल्यास पुढें होण्याचा संभव कांहींसा वाढतो, एवढें खरें. आमच्या जुन्या वैद्यकग्रंथांत 'श्वित्र' कुष्ठाच्या प्रकरणांतच सांगितलें आहे, व लोकांच्या तोंडीं 'श्वेतकुष्ठ' हा शब्द रूढ झाला. त्या एका शब्दानें जेवढें दुःख दिलें तेवढें रोगानें दिलें नसेल. कायद्याचें म्हणावें तर १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत महारोग हें घटस्फोटाचें कारण होतें, तेंही २०१९ सालीं काढून टाकण्यांत आलें. कोड त्या यादींत कधींच नव्हतें. परंतु १९७६ च्या दुरुस्तीनें असें ठरलें कीं, महत्त्वाच्या गोष्टीविषयीं फसवणूक करून संमति मिळविली असल्यास विवाह रद्द करून मागतां येतो. फसवणूक उघडकीस आल्यापासून एका वर्षाच्या आंत. मानेवरचा डाग महत्त्वाचा कीं नाहीं, हें त्या त्या प्रकरणीं न्यायालय पाहील. आपल्या मुलीला तेथवर नेऊन उभी करण्याची तयारी कोणत्या काकूंची आहे, असें आम्हांस विचारावेसें वाटतें.

वडीलधाऱ्यांस आमचें म्हणणें रुचणार नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. "सांगितलें तर स्थळ जातें" हा त्यांचा अनुभव खोटा नाहीं. स्थळें जातात. पण लपवून जुळविलेल्या संसारांत सासरच्या न्हाणीघराच्या दाराला रोज कडी लावून जी मुलगी आरशापुढें उभी राहते, तिचें ओझें काकूंच्या वांट्याला येत नसतें. पाहुण्यांना डाग आहे हें एकदां स्पष्ट सांगावें. मग त्या दिवशीं लेप लावावा कीं न लावावा, हें मुलीनें ठरवावें. सांगण्याचें काम घरांतील वडिलांनीं करावें, तिच्यावर टाकूं नये.

त्या घरीं तें काम अखेर आजींनीं केलें. पोहे संपल्यावर, चहा येण्याआधीं, त्यांनीं मुलाच्या आईला जवळ बोलावून डाग दाखविला आणि डॉक्टरांचे कागद पुढें ठेविले. मुलाच्या आईनें कागद वाचले, दोन प्रश्न विचारले आणि "कळवितों" म्हणून सांगितलें. हें लिहीपर्यंत कळविलेलें नाहीं. मुलीनें दुसऱ्या दिवशीं ती कांडी काकूंकडून मागून घेतली. कचेरींतील मैत्रिणीच्या लग्नाला तिला जावयाचें होतें, व फोटोंत सगळ्यांनीं मानेकडेच पाहावें असें तिला वाटत नव्हतें. खिडकीपाशीं उभी राहून तिनें ती लावून पाहिली, आणि छटा आपल्या रंगाहून बरीच उजळ आहे म्हणून काकूंना परत केली.