धापा टाकणारा मासा: आधी पाणी पाहा, मग औषध

दुकानात माशांची काचेची टाकी ठेवण्याची हौस आपल्या व्यापारी बांधवांत बरीच दिसते. मुले टाकीपाशी रमतात, तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाला चार ताके उलगडून दाखविता येतात. नाहूरच्या आमच्या कापड दुकानातही अशी टाकी आहे. परंतु टाकी घेताना आपण एका मुक्या जीवाची जबाबदारी घेतो, याचा विसर पडतो. आम्हालाही पडला होता.

दोन इंचांचा म्हणून आणलेला ऑस्कर मासा वर्षभरात जवळजवळ फूटभर झाला. टाकी मात्र तीच, अडीच फुटांची. उन्हाळ्यात एका रात्री वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला. सकाळी शटर उघडले तर मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकीत होता. विक्रेत्याने निळे औषध दिले. आम्ही ते ओतले आणि संध्याकाळी मासा मेला. खरी उणीव प्राणवायूची होती, ती औषधाने कशी भरून निघणार?

कारण साधे आहे. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशाला जेमतेम साडेसात. म्हणजे उकाड्यात पुरवठा घटतो आणि मोठ्या माशाची गरज तर जास्त. त्यात उरलेले खाणे व विष्ठा यांतून अमोनिया तयार होऊन कल्ले जळतात. नळाच्या पाण्यातील क्लोरिनही तसेच. आपल्या शेजारच्या भांडुप संकुलात पाणी शुद्ध होते ते माणसांसाठी. माशासाठी त्यात अँटिक्लोरिन टाकावेच लागते.

ओळखावे कसे? कल्ले भराभर हलणे, मासा वर किंवा पंपाच्या धारेपाशी घुटमळणे, खाणे सोडणे, ही लक्षणे. गुरामी व फायटर हे मासे वरची हवा घेतातच, त्यांच्याबाबत घाबरू नये. सगळे मासे एकदम वर आले तर दोष पाण्याचा समजावा. एकच मासा अंग घासत असेल, एक कल्ला मिटून ठेवीत असेल, तर कल्ल्यांत कीड असण्याचा संभव. तेव्हा जाणकाराला विचारून औषध करावे.

उपाय असा: पाण्याचा पृष्ठभाग खळबळेल अशी फिल्टरची धार वर घ्यावी. एक-दोन दिवस खाणे बंद ठेवावे. तृतीयांश पाणी बदलावे. नवे पाणी तेवढ्याच उष्णतेचे असावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात धुवावा. वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा पंप जवळ असावा.

आता दोन शब्द हा धंदा करणाऱ्या बांधवांना. क्रॉफर्ड मार्केट असो वा कुर्ला, मासा केवढा वाढेल आणि त्याला केवढी टाकी लागेल, हे विकतानाच सांगावे. धुतल्यावर कापड आटणार असेल तर आम्ही ते गिऱ्हाइकाला आधी सांगतो. न सांगितले तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही. कापड आटते, मासा वाढतो. सचोटीचा हिशेब दोन्हीकडे एकच आहे.