चित्रात न आलेलं युद्ध



गेल्या पावसाळ्यात आसनगावच्या आपल्या केंद्रात जुन्या पुस्तकांची एक पेटी आली. तिच्यात दुसऱ्या महायुद्धाचा एक जाडजूड सचित्र इतिहास होता. इंग्रजीतला, गुळगुळीत कागदाचा. बैठकीला आलेल्या बायकांनी रोजगार हमीचे अर्ज बाजूला ठेवून आधी तोच उघडला. इंग्रजी वाचणाऱ्या आम्ही दोघीतिघीच, पण चित्र बघायला अक्षर यावं लागत नाही. रणगाडे, विमानं, जळणारी शहरं, बर्फात अडकलेल्या तोफा, हात हलवत आगबोटीत चढणारे सैनिक. पानं उलटता उलटता साठीच्या एका ठाकूर बाईंनी विचारलं, "तवा तांदूळ काय भाव व्हता?"

दोघीचौघी हसल्या. पण त्यांनी पुढे सांगितलं की त्यांची आई लढाईच्या सालांबद्दल बोलायची ती एवढंच, की तेव्हा कणीसुद्धा मिळत नव्हती, कडूकांदे उकडून दिवस काढले. त्या आईने रणगाडा कधी पाहिला नाही. जर्मनी कुठे, जपान कुठे, हे तिला कोणी सांगितलं नाही. पण महायुद्ध तिच्या चुलीपर्यंत आलं होतं. एवढ्या जाड पुस्तकात तिच्यासाठी एक चित्र नाही.

या युद्धात जगभर सहा कोटींहून जास्त माणसं मेली आणि त्यातली बहुसंख्य गणवेशातली नव्हती. हे आता सगळे इतिहासकार मान्य करतात. तरी पुस्तकात किंमत मोजायची वेळ आली की आधी सैनिक मोजले जातात. आपल्या देशातून सुमारे २५ लाख जण फौजेत गेले, ८७ हजारांच्या आसपास मेले. त्यांच्याबद्दल आदर आहेच. त्यातले पुष्कळसे शेतकऱ्यांचे पोरगे होते, आणि पोट हे भरतीचं मोठं कारण होतं. पण ८७ हजार या आकड्यात १९४३ चा बंगाल नाही. तिथे भुकेने आणि भुकेमागून आलेल्या रोगांनी २० ते ३० लाख माणसं गेली. गोळी एकालाही लागली नव्हती. मग त्यांना युद्धाचे बळी म्हणायचं की नाही?

म्हणायलाच हवं. मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. हा तांदूळ नुसत्या बंगालचा नव्हता. मुंबई आणि कोकणपट्टीही रंगूनच्या तांदळावर जगत होती. इकडे सरकार फौजेसाठी धान्य उचलत होतं, लढाईचा खर्च भागवायला नोटा छापत होतं, रेल्वेचे डबे लष्कराच्या सामानाला लागत होते. जपानी आले तर त्यांच्या हाती पडू नयेत म्हणून बंगालच्या किनाऱ्यावरच्या होड्या सरकारने ताब्यात घेतल्या, मोडल्या. मासेमारही बसले आणि धान्याची ने-आणही बसली. व्यापाऱ्यांनी साठे केले. भाव चढत गेला, आणि ज्यांच्या हाती जमीन नव्हती, रोजाची मजुरी होती, ते आधी मेले. कलकत्त्याच्या रस्त्यांवर बाया भात मागत नव्हत्या, भाताची पेज मागत होत्या. पेजेवर पावसाळा काढणाऱ्या शहापूर-मुरबाडच्या बायकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

या भुकेचा सचित्र इतिहास एकाने केला होता. चित्तप्रसाद हे त्याचं नाव. १९४३ च्या नोव्हेंबरात हा तरुण चित्रकार मेदिनीपूर जिल्ह्यातून गावोगाव फिरला आणि जे दिसलं ते काळ्या शाईने काढत गेला. ओसाड घरं, हाडं वर आलेली मुलं, पोर कडेवर घेऊन बसून राहिलेल्या बाया. त्या चित्रांचं आणि टिपणांचं ‘हंग्री बेंगॉल’ नावाचं पुस्तक आपल्या मुंबईतच छापलं गेलं. सरकारने त्याच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. पाच हजार प्रती होत्या असं सांगतात. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वाचल्या. पुढे चित्तप्रसाद मुंबईला आले आणि अंधेरीत बरीच वर्षं गरिबीत राहिले. म्हणजे चित्रं काढणारे नव्हते असं नाही. एक प्रकारची चित्रं गुळगुळीत कागदावर जगभर गेली आणि दुसऱ्या प्रकारची चुलीत गेली. पुस्तक बघताना कोणतं पान जळालं असेल हा प्रश्न आपण विचारायला शिकलं पाहिजे.

आता आपल्याच भागाकडे बघू. आसनगाव स्टेशनवरून जाणारा लोहमार्ग कसारा घाट चढून देवळालीला जातो. देवळाली मोठी लष्करी छावणी, आणि दुसऱ्या टोकाला मुंबई बंदर. दोन्ही महायुद्धांत फौज आणि सामान या रुळांवरून गेलं. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात मोठी लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आपण लग्नाची खरेदी करायला ‘कॅम्पात’ जातो तो कॅम्प युद्धाचा आहे. सैनिक गेले, मग घर सुटलेल्या बाया तिथे आल्या आणि एकेका बराकीत पडदे टांगून त्यांनी संसार मांडले. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेली ‘फोर्ट स्टिकीन’ बोट फुटली. आठशेच्या वर माणसं गेली आणि हजारोंची घरं गेली. तरी आपल्याकडे लढाई झालीच नाही, असं आपणच म्हणत असतो.

मुरबाड तालुक्यातला सिद्धगड सगळ्यांना माहीत आहे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले होते. कारखाने आणि गाड्या थांबल्या तर युद्ध चालवणाऱ्या सरकारचा हात अडखळतो हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. त्यांचं स्मरण दरवर्षी होतं, व्हायलाच हवं. पण रानात महिनोन् महिने राहणाऱ्या माणसांना भाकर लागते, पाणी लागतं, पोलीस कुठवर आले ही खबर लागते. मुरबाडच्या बैठकीत मी विचारलं, हे सगळं कोणी केलं असेल? क्षणभर शांतता झाली. मग एक जण म्हणाली, "बायांनीच, अजून कोन?" अभिवादनाच्या भाषणांत मात्र हा प्रश्न मी ऐकलेला नाही.

सचित्र पुस्तकात १९४५ म्हणजे विजय. रस्त्यावर नाचणारी गर्दी, नर्सचं चुंबन घेणारा खलाशी. (त्या बाईने पुढे स्वतः सांगितलं की तिला कोणी विचारलं नव्हतं, त्याने धरलं आणि घेतलं. विजयाचं एवढं गाजलेलं चित्र, आणि त्यातसुद्धा बाईची संमती नाही.) आपल्या जिल्ह्यातलं १९४५ वेगळं आहे. त्या वर्षाच्या जानेवारीत इथून हाकेच्या अंतरावर टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं आणि पुढे उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी वेठ नाकारली. लग्नगडी म्हणून राबवला जाणारा पुरुष आणि त्याच्याबरोबर मालकाची मालमत्ता ठरणारी त्याची बायको, दोघांच्याही सुटकेचं हे साल. या लढ्यात उभ्या राहिलेल्या गोदावरी परुळेकर त्याआधी युद्धविरोधी प्रचारासाठी तुरुंगात जाऊन आल्या होत्या. युद्धाचा विरोध आणि वेठीचा विरोध हे त्यांच्या लेखी दोन विषय नव्हते.

आणि रेशन! रेशन म्हणजे मुळात शिपायाचा शिधा. महायुद्धाच्या टंचाईत, १९४३ साली मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं आणि हा शब्द आपल्या घरात आला तो गेलाच नाही. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या मैत्रिणींनी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मोर्चे काढले, तेव्हाही मागणी धान्याची, तेलाचीच होती. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईचं नाव यायला मात्र २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा यावा लागला. रांगेत उभं राहायला बाई पहिल्या दिवसापासून होती, नाव लागायला सत्तर वर्षं गेली. आणि आज मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून तिला परत पाठवतात. भातलावणी करून, भांडी घासून झिजलेला अंगठा तो!

सैनिकाच्या बायकोबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत मशीनगनच्या माऱ्यात एकटे पुढे गेले आणि पडले. वय २२. त्यांची कबर सापडली नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या विधवा पत्नीच्या हाती देण्यात आला. त्यांचं शौर्य शब्दन् शब्द नोंदलेलं आहे. पण पदक घेऊन गावी परतलेल्या कोवळ्या बाईचं पुढचं आयुष्य नोंदायचं असतं, हे त्या नोंदी करणाऱ्यांच्या मनात आलं नाही.

आणि जिथे विधवेचा विचार झाला तिथे कसा झाला, तेही बघा. स्वतंत्र भारतात शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेला मासिक भत्ता मिळे, पण तिने दुसरं लग्न केलं की तो बंद. अपवाद एकच. तिने मेलेल्या नवऱ्याच्या भावाशी लग्न केलं तर भत्ता चालू! बाईचं जगणं, तिचं अंथरूण आणि सरकारी पैसा, सगळं सासरच्या उंबऱ्याच्या आत राहिलं पाहिजे, एवढाच त्या नियमाचा अर्थ. सरकारच तिचं सासर होऊन बसलं होतं. संरक्षण मंत्रालयाने ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढली. किती जणींनी तोवर दिराचं कुंकू लावलं, किती जणींनी दुसऱ्या लग्नाचा विचारच मनातून काढून टाकला, हे कोणत्याच चित्रात दिसणार नाही. ते बाईनेच सांगावं लागतं.

बाईने सांगितलं तर काय होतं? १४ ऑगस्ट १९९१ ला दक्षिण कोरियातल्या किम हाक-सुन नावाच्या साठी ओलांडलेल्या बाईंनी सोलमध्ये उभं राहून सांगितलं की जपानी फौजेने मला लैंगिक गुलाम करून ठेवलं होतं. युद्ध संपून सेहेचाळीस वर्षं झाली होती. त्यांच्यामागून कोरियातल्या, फिलिपाइन्समधल्या, चीनमधल्या बाया बोलत्या झाल्या आणि इतिहासाची पुस्तकं पुन्हा लिहावी लागली. त्या बोलू शकल्या कारण त्याआधी तिथल्या स्त्री संघटनांनी हा विषय काढला होता, ऐकायला कोणीतरी बसलं होतं. ऐकायला बसणं हे आपलं काम आहे.

आपल्याकडे वेळ थोडा आहे. १९४३ साली दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदी ओलांडून गेली आहे. आपल्या पाड्यांवर अशा आज्या एकदोनच असतील, पण त्यांनी सांगितलेलं मनात ठेवणाऱ्या लेकी आणि सुना पुष्कळ आहेत. तेव्हा प्रत्येक गटाने आपापल्या गावात विचारावं. लढाईच्या साली काय खाल्लं, खावटी कोणाकडून काढली आणि फेडताना किती भात मोजून द्यावं लागलं, घरातलं कोण पलटणीत किंवा बोटीवर गेलं, मनीऑर्डर कोणाच्या नावावर यायची, तो परत आला नाही तर त्याच्या बायकोचं काय झालं. सिद्धगडच्या पायथ्याच्या गावांत भाकऱ्यांचा प्रश्न जरूर विचारा. उत्तर जसं सांगितलं तसंच, त्यांच्याच बोलीत, मोबाइलवर भरून घ्या. शुद्ध करायला जाऊ नका. आजीने "पुरे" म्हटलं की तिथे थांबा, आणि नाव छापायचं की नाही हे तिलाच ठरवू द्या.

झोडणी उरकली की शहापूर आणि मुरबाडच्या गटांची एकत्र बैठक आसनगावला घेऊ. आपल्या गटातल्या ज्या मुली चित्रं काढतात त्यांना बरोबर आणा, कारण फोटो फारसे मिळणार नाहीत, ऐकलेलं काढावं लागेल. कोणाकडे जुनी मनीऑर्डरची पावती, पेन्शनचं पुस्तक, रेशनकार्ड, पत्र असेल तर घेऊन या. मूळ कागद कोणाकडे ठेवून जाऊ नका. आम्ही तिथेच फोटो काढून लगेच परत देऊ.