बाटलीपुरतं मत



आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुठलीही सभा असो, बायकांच्या राजकारणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं. "तुमच्या जिल्ह्यात बायकांना काय कमी आहे? शोभाताई फडणवीस मंत्री झाल्या की!" बोलणारा गडी असतो आणि बोलताना हसत असतो. एक बाई मंत्री झाली, फिटलं सगळं देणं. या वाक्याला एकदाचं नीट उत्तर द्यावं म्हणून हे लिहिते आहे. उत्तर त्या गड्याला आहेच, पण थोडं आपल्या स्वतःच्या चळवळीलाही आहे.

आधी शोभाताईंबद्दल. त्यांच्या पक्षाचा विचार माझा नाही, हे सुरुवातीलाच सांगते. तरीही बाई म्हणून त्यांच्या राजकीय आयुष्याकडे बघितल्यावर जे दिसतं ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे.

मूल-सावलीचा हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा. १९९० मध्ये इथल्या सावली मतदारसंघातून त्या भाजपच्या तिकिटावर विधानसभेत गेल्या. १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं तेव्हा अन्न व नागरी पुरवठा खात्याच्या मंत्री झाल्या. २००४ सालीही सावलीने त्यांनाच निवडून दिलं. सासरी राजकारण होतं, गंगाधरराव फडणवीस आमदार होते, हे खरं. पण मतं मागत गावोगाव फिरल्या त्या स्वतःच. आणि आज वर्तमानपत्रं त्यांची ओळख कशी करून देतात? "मुख्यमंत्र्यांच्या काकू!" अहो, काकू आमदार झाल्या १९९० साली. पुतणे नागपूर महापालिकेत नगरसेवक झाले १९९२ साली आणि विधानसभेत पोचले १९९९ साली. काकूंचं मंत्रिपद तोवर होऊनही गेलं होतं. नात्याने ओळख द्यायचीच, तर पुतण्याला काकूच्या नावाने ओळखायला हवं होतं. पण बाई आधी कुणाची तरी कोण असते, मग आमदार असते.

आता मुख्य गोष्ट. २००८ मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि सावली नावाचा मतदारसंघच नकाशावरून गेला. सावली तालुका ब्रह्मपुरीत गेला, मूल तालुका बल्लारपुरात. त्याच वेळी चंद्रपूरची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली, म्हणजे तिथले आमदार सुधीर मुनगंटीवार यांचीही जागा गेली. एकाच पक्षाचे दोन आमदार, एक बाई आणि एक पुरुष, दोघांच्याही पायाखालची जमीन एकाच वेळी सरकली. पुढे काय झालं? २००९ च्या निवडणुकीत मुनगंटीवार बल्लारपुरातून उभे राहिले आणि निवडून आले. ज्या बल्लारपुरात मूल तालुका आहे, त्याच बल्लारपुरातून. शोभाताई विधानसभेत परत दिसल्या नाहीत. त्यांना मिळाली विधान परिषद. वय, पक्षातली गणितं, गटबाजी अशी कारणं कुणीही सांगेल. ती खरीही असतील. पण जागा कमी पडल्या की कोण हलतं आणि कोणाला जागा मिळते, हे बायकांनी घरच्या पंगतीत लहानपणापासून पाहिलेलं आहे.

आता हिशोब मांडू. चंद्रपूर जिल्ह्यात विधानसभेच्या सहा जागा, गडचिरोलीत तीन. एकूण नऊ. पुनर्रचनेनंतर २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चार सार्वत्रिक निवडणुका झाल्या. नऊ चोक छत्तीस. छत्तीस वेळा इथून आमदार निवडला गेला. त्यात बाई किती वेळा? एकदा! २०१९ मध्ये वरोऱ्यातून प्रतिभा धानोरकर. तीही जागा कशी मोकळी झाली? तिथले आमदार असलेले त्यांचे पती बाळू धानोरकर त्याच वर्षी खासदार झाले म्हणून. मे २०२३ मध्ये पती वारले. २०२४ मध्ये प्रतिभाताई चंद्रपुरातून लोकसभेवर गेल्या, मुनगंटीवारांसारख्या मंत्र्याला २,६०,४०६ मतांनी हरवून. एवढी मतं नुसत्या सहानुभूतीने पडत नाहीत, हे मान्य केलंच पाहिजे. पण दार उघडलं कसं ते विसरायचं नाही. मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार १९६३ मध्ये वारले, त्यानंतर १९६४ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी ताई कन्नमवार चांद्यातून लोकसभेत गेल्या. मध्ये साठ वर्षं गेली. आमच्याकडे बाईसाठी दिल्लीची वाट अजूनही नवऱ्याच्या तिरडीवरूनच जाते, हे लिहिताना हात जड होतो.

२०२४ च्या विधानसभेत या नऊपैकी नऊ जागांवर पुरुष आहेत. सगळ्या राज्यात २८८ पैकी २१ बायका निवडून आल्या. आमच्या वाट्याला शून्य. गडचिरोलीच्या तीन जागा आदिवासींसाठी राखीव आहेत. पण या चार निवडणुकांत त्यांतून एकही आदिवासी बाई निवडून आली नाही. तेंदूपत्ता तोडायला बाई, मोह वेचायला बाई, रोवणीला दिवसभर चिखलात वाकायला बाई. सभागृहात मात्र बाबा! अहेरीत २०२४ मध्ये जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्ष भाग्यश्री आत्राम वडिलांविरुद्ध उभ्या राहिल्या. त्या दुसऱ्या पक्षात जाणार असं दिसताच वडिलांनी, म्हणजे राज्याच्या एका मंत्र्याने, जाहीर सभेत लेक-जावयाला प्राणहितेत फेकून द्या असं म्हटल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं. घराण्यातल्या भांडणात आपल्याला पडायचं नाही. पण राजघराण्यातल्या मुलीला हे भरसभेत ऐकावं लागतं, तर एटापल्ली-भामरागडच्या एखाद्या माडिया बाईने तिकीट मागितलं तर तिला काय ऐकावं लागेल?

"आमदारकीचं एवढं काय? चळवळीत ताकद असली की सरकार झुकतं," असं आपल्यातल्याच कितीतरी जणी म्हणतात. तर आपल्या सर्वांत मोठ्या लढ्याचंच बघा. गडचिरोलीत लोकांच्या लढ्याने १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात तीच मागणी घेऊन डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी आणि श्रमिक एल्गारच्या नेतृत्वाखाली हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या. त्या वाटेवर मीही चालले. पायाला फोड आलेल्या म्हाताऱ्या रात्री शाळेच्या वऱ्हांड्यात झोपायच्या आणि पहाटे पुन्हा चालू लागायच्या. अखेर १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत ती उठली! अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला, अशी कारणं दिली. बंदी राबवण्यात सरकार कमी पडलं आणि शिक्षा झाली बायकांना. बंदीच्या बाजूने आणि विरुद्ध दोन्हीकडे बोलता येतं, तो वाद वेगळा. माझा मुद्दा साधा आहे. बंदी आणण्याचा निर्णयही पुरुषांच्या हातात होता, उठवण्याचाही. आपण सहा दिवस चाललो, सहा वर्षं बंदी मिळाली. आणि ती जाताना आपल्याला कुणी विचारलंदेखील नाही.

गंमत बघा. गावातलं दारू दुकान बंद करायचं तर कायदा बायकांचं मतदान घेतो. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. म्हणजे बाटली उभी ठेवायची की आडवी करायची एवढं ठरवण्यापुरती आपल्याला अक्कल आहे. जंगलाचं काय करायचं, खाणी कुठे काढायच्या, रेशनवर कोणाला किती धान्य द्यायचं, हे ठरवताना मात्र ती अक्कल कुठे जाते?

रेशनवरून एक प्रश्न येईल आणि तो टाळायचा नाही. बाई सत्तेत गेली म्हणजे बायकांचं भलं होतं का? शोभाताई ज्या सरकारात नागरी पुरवठा मंत्री झाल्या, त्याच सरकारच्या काळात, जून १९९७ पासून, केंद्राच्या धोरणाने रेशनमध्ये दारिद्र्यरेषेच्या वरचे आणि खालचे अशी फूट पडली. मंत्रिपदावर बाई बसल्याने ते धोरण थांबलं नाही. हे खरंच आहे. पण या कसोटीवर पुरुषांना कुणी कधी तपासलं? छत्तीसपैकी पस्तीस वेळा पुरुष निवडून आले, त्यांनी पुरुषजातीचं काय भलं केलं असं विचारून त्यांचं तिकीट कापलं गेलं का? बाई चांगली निघाली तर पुढची येणार आणि वाईट निघाली तर सगळ्या बाद, हा न्याय आपण स्वीकारायचाच नाही. आणि निवडून गेलेली बाई आपल्या बाजूने उभी राहावी असं वाटत असेल, तर तिच्या मागे आपली संघटना हवी. ती नसेल तर ती पक्षाचं ऐकणार, घरच्यांचं ऐकणार.

मागे आम्ही काही जणी एका पक्षाच्या कार्यालयात उमेदवारीचं विचारायला गेलो होतो. चहा दिला, मान दिला. मग म्हणाले, "ताई, तुम्ही महिला आघाडीचं बघा ना, तिकडे माणसं कमी आहेत." सतरंज्या घालायला आघाडी आणि तिकीट वाटताना पिछाडी!

आता सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने लोकसभा आणि विधानसभांत बायकांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती मंजूर केली. पेढे वाटले गेले. पण त्याच कायद्यात अट घातली की जनगणना होऊन मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावरच आरक्षण लागू होईल. पुनर्रचना! ज्या पुनर्रचनेत आमच्याकडच्या बाईची जागा गेली, त्याच पुनर्रचनेच्या खुंटीला सगळ्या देशातल्या बायकांचं आरक्षण टांगून ठेवलं. तरीही ते दिवस येणार आहेत. नऊच्या हिशोबाने आमच्याकडे साधारण तीन जागा बायकांच्या होतील. त्या तिघी कोण असतील? आपण हातावर हात ठेवून बसलो तर उत्तर आजच लिहून ठेवते: एक पत्नी, एक सून, एक लेक. सरपंचपती आपण पाहिले, मग आमदारपतीही बघू.

तसं व्हायला नको असेल तर कामाला आत्ताच लागायला हवं. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आपल्या दोन जिल्ह्यांत कितीतरी जणी सरपंच झाल्या, पंचायत समितीत बसल्या, ग्रामसभेत वनहक्कासाठी भांडल्या. पाच वर्षं संपली, आरक्षण फिरलं, की त्या घरी परततात. त्यांची यादी करा. आपल्या शिबिरांत त्यांना बोलवा, त्यांच्याकडून शिका, त्यांना विधानसभेच्या कामकाजाची माहिती द्या. प्रत्येक पक्षाला लेखी विचारा, या नऊ जागांवर किती बायकांना तिकीट देणार? उत्तर आलं नाही तर तेही गावात वाचून दाखवा. जी बाई उभी राहील तिला दारू, वनहक्क, रेशन आणि मजुरी या चार गोष्टींवर आधी जाहीर बोलायला लावा, मग ती कुणाची का सून असेना.

आणि आपल्यातली एखादी उभी राहते म्हणाली तर "आपण बाई राजकारणातल्या नव्हे" असं म्हणून तिला एकटी सोडू नका. २०१९ मध्ये पारोमिता गोस्वामी ब्रह्मपुरीतून उभ्या राहिल्या आणि हरल्या. मोर्चात मागे चालणाऱ्या हजारो जणी मतपेटीपर्यंत का पोचल्या नाहीत, या प्रश्नावर आपल्या एकाही बैठकीत मोकळी चर्चा झालेली मी ऐकली नाही. ती पुढच्या बैठकीत घ्या, आणि काय ठरलं ते या अंकाला कळवा.