मूलपेशी, पटले आणि पालकांची आशा

पेडणे-डिचोली भागातील पालक सेरेब्रल पाल्सी अथवा स्वमग्नता असलेल्या बालकाला घेऊन येतात आणि संकोचाने विचारतात, "डॉक्टर, स्टेम सेल करून घेऊ का? भाट विकू." दरवेळी मन अस्वस्थ होते.

मूलपेशींचे शास्त्र थोतांड नव्हे. थॅलेसेमियात व रक्ताच्या कर्करोगात मज्जारोपणाने, म्हणजे मूलपेशींनीच, अनेक मुलांना जीवदान मिळते. कोलॅजेनची किंवा कोळंबीच्या सालांपासून मिळणाऱ्या कायटोसानची जैवबहुवारिक पटले जखमेतील ओलावा राखतात. वेलाला मांडव तसा नव्या पेशींना आधार देतात. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरली आणि १९८५ मध्ये त्याचा अहवाल शास्त्रीय नियतकालिकात मांडला. साधे साधन, पण तपासाला खुले!

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत: रक्तविकारांसारख्या मान्य आजारांपलीकडे मूलपेशींचा वापर केवळ मंजूर चाचणीतच व्हावा, आणि चाचणीतील रुग्णाकडून त्यासाठी पैसे घेऊ नयेत. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस नाकारली.

म्हणून पालकांना मी एकच कसोटी सांगतो: प्रयोगासाठी पैसे मागितले, तर तिथून परत फिरा. भाट राखा, व्यायामोपचार व वाचोपचार नियमित चालू ठेवा.

आणि वैद्यकबंधूंनो, "याचा उपयोग सिद्ध झालेला नाही" हे वाक्य उच्चारणे कठीण आहे. पण आपण ते टाळले, तर त्याची किंमत त्या मुलाचे घर मोजते.