श्वासाचा हिशेब कोणी ठेवावयाचा?

गांधीबागेतील कापडबाजार सकाळी जागा होतो तो गाठी वाहणाऱ्या हमालांच्या धापांनी. त्याच परिसरातील डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालयात श्रमिकांच्या घरची मुले पहिला श्वास घेतात. पुढे घरी एखाद्या मुलाचा श्वास मध्येच थांबला, तर तो पाहणारे डोळे बहुधा एकट्या आईचे असतात. मूल निळे पडते, अंग सैल सोडते आणि काही क्षणांनी पुन्हा श्वास घेऊ लागते. दवाखान्यात पोचेपर्यंत ते हसत-खेळत असते. तपासणीत काही निघत नाही. मग ‘कारण कळत नाही’ या तीन शब्दांवर तिची बोळवण होते.

वस्तुतः वैद्यकशास्त्र याबाबतीत मुके नाही. नवजात अर्भकाचा श्वास पाच-दहा सेकंद थबकणे पुष्कळदा स्वाभाविक असते. वीस सेकंद थांबणे, किंवा त्याहून कमी काळ थांबूनही बाळ निळे पडणे, हे मात्र धोक्याचे. रागाने वा भीतीने रडताना श्वास कोंडणारी बहुतेक मुले पाच-सहा वर्षांची होईतो यातून सुटतात. झोपेत श्वास थांबत असेल, तर वाढलेले टॉन्सिल, फिट, हृदयाचा दोष यांचा शोध घ्यावा लागतो. यांतील भेद ओळखण्याची पहिली किल्ली म्हणजे आईने सांगितलेली हकिगत. ती ऐकावयाला वेळ लागतो, आणि गर्दीने ओसंडणाऱ्या बाह्यरुग्ण विभागात नेमका तोच दुर्मिळ असतो.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. रडताना श्वास कोंडणाऱ्या अनेक मुलांत रक्तक्षय आढळतो व लोह दिल्याने हे झटके कमी होतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची 68.9 टक्के मुले रक्तक्षयी आहेत. 2015-16 मध्ये हे प्रमाण 53.8 टक्के होते. म्हणजे ज्याला गूढ म्हणावयाचे, त्यातील काही भाग निव्वळ उपासमारीचा आहे!

शास्त्र जेथे पोचत नाही, तेथे विळा पोचतो. 2025 साली मेळघाटात श्वासाचा त्रास होणाऱ्या अवघ्या 22 दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देण्यात आले. त्या घराच्या अज्ञानावर कोरडे ओढणे सोपे. परंतु त्या दारी वेळेवर कोण गेले होते, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

याच विदर्भात त्याचे उत्तरही आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातील स्त्रियांना नवजात बाळांची घरी जाऊन देखभाल करावयास, त्यांचे श्वास मोजावयास शिकविले. बालमृत्यू घटले, 1999 साली ‘लॅन्सेट’ने त्याची नोंद घेतली आणि पुढे आशा कार्यकर्त्यांच्या द्वारे ही पद्धत देशभर गेली.

प्रत्येक मुलाचे दुखणे लोहाने वा मोजणीने बरे होईल, असे नाही. काहींना मोठ्या रुग्णालयातील यंत्रेच लागतील. परंतु तेथवर कोणाला न्यावयाचे, हे वस्तीतच ठरावे लागते. म्हणून वस्तीतील प्रत्येक दवाखान्यात बालकांच्या रक्ताची तपासणी व लोहाचे औषध विनामूल्य मिळाले पाहिजे, आशाताईंना कामाचे रास्त वेतन मिळाले पाहिजे आणि मूल निरीक्षणासाठी दाखल झाले तर आईचा रोज बुडता कामा नये. कारण कळत नाही, असे म्हणण्याचा अधिकार कारण शोधणाऱ्यालाच असतो. शासनाने तो अद्याप मिळविलेला नाही.