मूठभर तांदळाचा धडा

वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस आले की गोमंतकातील कितीतरी संस्थांत एकच देखावा दिसतो. ठरलेल्या वेळी व्यासपीठावर पदाधिकारी स्थानापन्न झालेले असतात आणि समोरच्या खुर्च्या रिकाम्या असतात. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि त्याच जागी, त्याच सात-आठ माणसांनिशी पुन्हा भरते. हिशेब संमत होतात, आभार मानले जातात आणि चहा घेताना कोणी ज्येष्ठ सद्गृहस्थ सुस्कारा टाकतात : 'हल्लीच्या तरुणांना समाजाचे काही पडलेले नाही!' हे निदान आम्हांला मान्य नाही. रोग खरा आहे. परंतु त्याचे मूळ तरुणांपेक्षा संस्थांच्याच कारभारात अधिक खोल गेलेले आहे.

माणूस संस्थेत येतो तो केवळ उदात्त ध्येयापायी, असे मानणे भाबडेपणाचे होय. तो सोबतीसाठी येतो, हौसेसाठी येतो, चार माणसांत आपले नाव व्हावे म्हणूनही येतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आमच्या गावोगावच्या जत्रांतील नाटके याच हौसेवर उभी राहिली. राजाची भूमिका एकालाच मिळे. पण पडदा ओढणारा, पुस्तक धरणारा, रंगमंच उभारणारा आणि वर्गणीसाठी दारोदार फिरणारा, या सर्वांनाच ते नाटक 'आपले' वाटे. मुंबईत 1919 साली स्थापन झालेल्या गोवा हिंदू असोसिएशनच्या कला विभागाने पुढे 1970 मध्ये 'नटसम्राट' रंगभूमीवर आणले. ते यश पेलण्याचे बळ या मातीतल्या नाट्यवेडातूनच आले, हे विसरता येणार नाही.

हौस माणसाला संस्थेच्या दारापर्यंत आणते. त्याला आत टिकवून धरते ती मात्र त्याच्या हाती सोपवलेली, त्याला झेपणारी आणि त्याच्यावाचून अडणारी एखादी कामगिरी. पणजीची मुष्टिफंड संस्था 1908 साली उभी राहिली, त्या वेळी इथे पोर्तुगीज राजवट होती आणि मराठी शिक्षणाला सरकारचा आधार नव्हता. दादा वैद्यांसारख्या धुरीणांनी घरोघर मागणे केले ते मूठभर तांदळाचे. ती मूठ गरिबालाही देता येण्याजोगी होती. स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढणाऱ्या गृहिणीने सभेत कधी भाषण केले नसेल; पण शाळेत तिचा वाटा होता आणि तो आहे हे तिला ठाऊक होते. एखाद्या धनिकाने एकरकमी देणगी दिली असती तरी इमारत झाली असती. तिच्यामागे समाज मात्र उभा राहिला नसता.

वास्कोच्या श्रीदामोदराच्या सप्ताहाचेही रहस्य हेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या संकटात सुरू झालेला हा चोवीस तासांचा अखंड नामगजर शंभराहून अधिक वर्षे टिकला आहे. निरनिराळ्या व्यवसायांतील मंडळी आपापले पार घेऊन येतात, भजनी पथके आळीपाळीने उभी राहतात. मध्यरात्रीनंतरची पाळी सोयीची नसते. तरीही ती चुकवली जात नाही, कारण आपण खंड पाडला तर साऱ्यांचेच भजन खंडित होते, ही जाणीव तिथे प्रत्येकाला असते.

याची दुसरी बाजूही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जुन्या संस्थांचे दरवाजे सर्वांना सारखेच उघडे नव्हते. ज्यांना समाजाने कला मागितली पण मान नाकारला, त्यांनी स्वतःची संघटना उभारली. राजाराम पैंगीणकर यांच्या 'मी कोण?' या आत्मकथनाच्या नावातच तो सवाल आहे. जिथे आपल्याला माणूस म्हणून मोजले जाते, तिथे माणसे जिवाचे रान करतात, हे गोमंतक मराठा समाजाच्या चळवळीने दाखवून दिले.

आजचा तरुण उदासीन आहे असे म्हणणाऱ्यांनी 2020 सालचे चांदर आठवावे. मोलेच्या जंगलावर येऊ घातलेल्या प्रकल्पांच्या प्रश्नावरून शेकडो माणसे नोव्हेंबरच्या रात्री रेल्वेमार्गावर जमली. त्यांत तरुण मुलेमुली मोठ्या संख्येने होती. त्यांना तिथे पद मिळणार नव्हते, हारतुरेही नव्हते. आपल्या येण्याने काही फरक पडेल, एवढाच विश्वास होता.

तो विश्वास आमच्या संस्था देतात काय? नोकरीपायी पोरे परदेशी जातात, उरलेल्यांचा वेळ धंदा आणि प्रवास खातो, हे खरेच आहे. पण जे गावात आहेत त्यांना आपण काय देतो? खुर्च्या मांडण्याचे काम आणि शेवटी आभाराचे एक वाक्य! कपाटाची किल्ली, पावतीपुस्तक आणि निर्णय मात्र वीस-वीस वर्षे त्याच हातांत राहतात. त्यातच सरकारी अनुदानाची सवय जडली आहे. अनुदान अवश्य घ्यावे. पण ते आल्यावर वर्गणीसाठी दारोदार फिरणे थांबते आणि त्याबरोबर दारे ओळखणेही थांबते.

यावर उपाय खर्चाचा नाही. वाचनालयाची एक संध्याकाळ पंचविशीतल्या मुलीच्या स्वाधीन करावी आणि त्या दिवशीची किल्लीही तिलाच द्यावी. उत्सवाचा हिशेब नव्या माणसाला लिहू द्यावा; चुकला तर शिकवावे, हिसकावून घेऊ नये. अध्यक्षपदाला मुदत असावी आणि ती पाळली जावी. घरोघर जाऊन वर्गणी मागावी, मग ती दहा रुपयांची का असेना.

ज्येष्ठांनी संस्था वाढवल्या, त्यांचे ऋण आम्ही मानतो. मात्र आपल्यामागे त्या चालू राहाव्यात असे त्यांना वाटत असेल, तर 'तरुण येत नाहीत' हा सूर सोडून, त्यांच्यासाठी आपण कोणते काम राखून ठेवले आहे, हा प्रश्न त्यांनी येत्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिल्या क्रमांकाने घ्यावा.