गुरुजी कामगारही नाहीत!

गुरुपौर्णिमेला ज्यांच्या चरणी फुले वाहायची, त्यांना नोकरीवरून काढल्यावर त्यांनी अर्ज तरी कोठे करावा? गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८मध्ये निर्वाळा दिला : औद्योगिक विवाद कायद्यान्वये शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे. म्हणजे त्या कायद्याची छाटणी-भरपाईही नव्हती! कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या २०१८च्या अटल योजनेने बेकारी भत्ता देऊ केला खरा. पण केवळ विमाधारकाला, आयुष्यात एकदाच, फार तर ९० दिवस. २०२०मध्ये तो सरासरी वेतनाच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेला, हे स्वागतार्हच. मात्र विम्याची वेतनमर्यादा २०१७मध्ये ठरली ती मासिक २१ हजार रुपये! त्याहून अधिक वेतनाचे गुरुजी बाहेर. आणि संस्थाचालकाने नोंदणीच टाळली असेल, तर शिपाईमामाच्या अर्जाला विचारतो कोण? अशा संस्थांच्या मान्यतेला शासन हात कधी घालणार?